कॅन्ससच्या घरी तांबूल

ओमाहा, ७ सप्टेंबर २०२४

मामा, आधी मामींना नमस्कार, मग तुम्हाला.

तुमची अट मान्य. फोनवर फक्त "जेवलीस का" आणि "जेवले". बाकी सगळं पत्रात, आणि तेही मराठीत. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आपल्या गल्लीत मराठी बोलणारे पुष्कळ, पण लिहिणारे आपण दोघंच, असं तुम्ही म्हणता तेव्हा मला उगाचच जबाबदारी वाटायला लागते. म्हणून चुकतमाकत लिहितेय. चुका काढायच्या नाहीत.

तर नोकरी लागली! इथल्या फुटबॉलच्या संघात. हा आपला फुटबॉल नव्हे, यात चेंडूला पाय क्वचितच लागतो. माणसं एकमेकांवर आदळतात आणि चेंडू हातात धरून पळतात. या संघाचं नाव ड्रोव्हर्स, म्हणजे गुरं हाकणारे. हसू नका. मी खेळाडू शोधणाऱ्या खात्यात आहे. एवढं संख्याशास्त्र शिकून गुराख्यांकडे गेली असं मामी म्हणतील, त्यांना सांगा की पगार बरा आहे.

इथे एक मोठी लीग आहे, ती थंडीत खेळते. सगळा पैसा, सगळी वाहवा तिकडे. आमची दुसरी लीग, ती वसंतात खेळते. मोठ्या लीगचे संघ ऑगस्टच्या शेवटी शेकडो खेळाडूंना एका दिवसात घरी पाठवतात. त्या दिवशी आमच्यासारख्या छोट्या लीगांच्या कचेऱ्यांत लगीनघाई असते. ज्यांना तिकडे नको म्हटलं त्यांना आम्ही ये म्हणतो. ते येतात, कारण आमच्याकडे निदान खेळायला मिळतं, त्याचं चित्रण होतं, आणि ते पाहून मोठी लीग पुन्हा बोलावेल अशी आशा असते. हंगाम संपला की जायची मुभा असते.

यातला सगळ्यात अवघड शोध क्वार्टरबॅकचा. चेंडू त्याच्या हातात येतो, कुणाकडे फेकायचा ते तो ठरवतो. समोरचे काय करणार हे आधी ओळखून तो आपल्या माणसांना ओरडून हलवतो. तो चुकला की बाकी दहा जण फुकट. म्हणून आमच्या लीगमध्ये बाकीच्यांची वाटणी नंतर, क्वार्टरबॅक आधी ठरतात. प्रत्येक प्रशिक्षक आपल्या जुन्या ओळखीपाळखीत फोन करत सुटतो. कुणी तरुण असतो, ज्याला कधी संधीच मिळाली नाही. कुणी मोठ्या नावाचा, पण आपटलेला. सगळे संघ त्याच दहा-बारा माणसांच्या मागे.

आमचे दोन ठरलेत. तिसरा शोधायचं काम ग्रेडी साहेबांनी माझ्यावर टाकलंय. ते आमच्या खात्याचे मुख्य, खडूस पण सरळ. माझी नोकरी या हंगामापुरतीच आहे. "तुझा माणूस उभा राहिला तर तू राहशील," असं ते स्वच्छ म्हणाले. मामा, मला इथे राहायचंय. हे काम मला फार आवडतंय.

तुमची,
सुप्रभा

*

तंजावूर, १६ सप्टेंबर २०२४

चिरंजीव सुप्रभा, उदंड आयुष्य आणि वेळेवर जेवण, हा आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. एकदा स्वतःसाठी, एकदा तुझ्या मामीला ऐकवायला, आणि एकदा भजनमठात सगळ्यांना. चुका काढायच्या नाहीत म्हणालीस म्हणून काढल्या नाहीत, नुसत्या मोजल्या.

गुराख्यांची कल्पना मला पसंत आहे. पापनाशम स्टेशनावर तीस वर्षं मीही दुसरं काय केलं? माणसं हाकली. पण तुझा तो क्वार्टरबॅक म्हणजे काय ते मला पत्र संपायच्या आत कळलं. तो मुख्य भागवतर! राधाकल्याणाच्या उत्सवात पुढे बसून पद कोणतं, राग कोणता, थांबायचं कुठे हे तोच ठरवतो. मृदंगवाला त्याच्या भुवईकडे बघतो. तो चुकला की मागचे वीस जण ओरडणारे कावळे.

आमचे जुने भागवतर गेल्या साली मुलाकडे सिंगापूरला गेले, तेव्हा नवा शोधायचं काम माझ्याकडे होतं, ठाऊक आहे ना? सगळे मला तिरुवैयारच्या मोठमोठ्या नावांकडे पाठवत होते. ते येतात, शाल घेतात आणि अर्ध्यातून गाडी पकडतात. मी काय केलं? प्रत्येक मंडळीत पुढे बसणाऱ्याकडे बघायचं सोडून दिलं आणि मागे बसणाऱ्याकडे बघितलं. जो पुढचा अडखळला की हळूच ओळ उचलून देतो आणि पुन्हा गप्प होतो, तो आपला. असा कुंभकोणमचा भरद्वाज सापडला. आता त्याच्यासाठी लोक खिडकीत बसतात.

आणि एक सांगतो. असल्या माणसाला फोन करायचा नसतो. तांबूल घेऊन त्याच्या घरी जायचं. विडा, सुपारी, नारळ, हळद, केळी. त्याच्या आईच्या हातात द्यायचं. ज्याला आयुष्यभर कुणी बोलावलं नाही, त्याला बोलावण्याची किंमत असते.

बाकी, हंगामापुरतीच नोकरी म्हणतेस. हंगाम संपल्यावर काय? मी सहज विचारतोय.

तुझा,
सेतुमामा

*

ओमाहा, २२ ऑक्टोबर २०२४

मामा!

नमस्कार-बिमस्कार सगळं शेवटी. सापडला!

तुमचं पत्र आलं तेव्हा मी हसले होते. क्वार्टरबॅक आणि भागवतर! पण रात्रंदिवस तेच ते दहा चेहरे बघून कंटाळले आणि म्हटलं, मागे बसणाऱ्यांकडे बघूया. आमचे लोक खेळाचं जे चित्रण बघतात, त्यात फक्त मैदान असतं. बाहेर उभा असलेला माणूस दिसतच नाही. म्हणून मी टीव्हीवर दाखवलेले जुने सराव-सामने काढले. टीव्हीवाले मधूनच कॅमेरा बाकाकडे वळवतात ना, तेवढेच तुकडे बघत बसले.

दोन वर्षांपूर्वीच्या एका सामन्यात एक उंच, पडेल खांद्यांचा माणूस टोपी घालून उभा आहे. समोरच्या संघाने डाव मांडला की हा शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगतो, आणि दोन क्षणांनी शेजारी डोक्याला हात लावून हसतो. पुन्हा तेच. मग पुन्हा. मामा, तो समोरचे काय करणार ते आधीच सांगत होता! नाव वेस्ली हार्टविग. मोठ्या लीगच्या तीन संघांनी त्याला बोलावलं, बाकावर उभं केलं आणि परत पाठवलं. या वर्षीच्या यादीत तो नाहीच, कारण गेल्या वर्षी त्याने फोन उचलणंच बंद केलं.

म्हणून तुमचंच ऐकलं. इथल्या इंडियन दुकानात विड्याची पानं मिळाली. जरा सुकलेली होती, पण पानं ती पानं. स्टीलचं ताट माझं आहेच. शनिवारी गाडी काढली आणि कॅन्सस राज्यातल्या त्याच्या खेड्यात गेले. तिथे त्यांचं भोपळ्यांचं शेत आहे. हा ट्रकवर उभ्या माणसाला खालून भोपळे फेकत होता, आणि प्रत्येक भोपळा त्या माणसाच्या छातीशी अलगद पोचत होता. मी गाडीतच बसून बघत राहिले.

त्याची आई लॉरेन, तुमच्याच वयाची. मी ताट पुढे केलं आणि सांगितलं की आमच्या गावी मोठ्या माणसाला बोलवायला जातात तेव्हा हे देतात. त्या माउलीने दोन्ही हातांनी घेतलं, मामा! अगदी आपल्यासारखं, वाकून. वेस्लीला मी टीव्हीवरचे तुकडे दाखवले. त्याने ते पुन्हा लावून बघितले. मग म्हणाला, "हे कुणी बघत असेल असं मला वाटलं नव्हतं." निघताना म्हणाला, "छान वाटलं, आभारी आहे." नारळ स्वतः उचलून आत नेला.

सोमवारी मी ग्रेडी साहेबांना सांगितलं की वेस्ली येतोय. त्यांनी तिसऱ्या जागेसाठी चाललेली दुसरी बोलणी थांबवली. सोबत वेस्लीच्या घराचा फोटो आहे. दारात मोठी पाटी आहे ना, भोपळे आणि अंडी मिळतील अशी, तिच्याखाली उभ्या आहेत त्या लॉरेनबाई.

आता नमस्कार. दोघांनाही, वाकून.

सुप्रभा

*

तंजावूर, २९ ऑक्टोबर २०२४

चिरंजीव सुप्रभा, दिवाळीचं तेल आणि पोटाला बरं ते पाचक लेह्य तुझ्या घरी पोचलं असतं तर बरं झालं असतं, ते मनानेच घे.

पोरी, जिंकलीस! आईने दोन्ही हातांनी तांबूल घेतलं म्हणजे संपलं. आता आकाश कोसळलं तरी माणूस फिरत नाही. मी ही बातमी मठात सांगितली, ग्रंथालयाच्या दारातल्या पहारेकऱ्याला सांगितली आणि डिग्री कॉफीवाल्यालाही सांगितली. तो विचारत होता भोपळे केवढ्याला देतात.

तुझ्या मामीने देवळात त्या मुलाच्या नावाने अर्चना केली. पुजारी गुरुक्कळ म्हणाले गोत्र सांगा. ज्याचं गोत्र ठाऊक नाही त्याचं काश्यप, हा नियम आहे, तेव्हा तो काश्यप झाला. नक्षत्रासाठी त्याची जन्मतारीख मी इंटरनेटवर शोधली. रोहिणी निघालं. बोलायला गोड, पण मन वळवायला जड, असं रोहिणीचं असतं. आता वळलंच आहे, तेव्हा हरकत नाही. काश्यपगोत्रोत्पन्न वेस्ली हार्टविग! गुरुक्कळांनी आडनाव चार वेगवेगळ्या प्रकारे उच्चारलं, त्यातला एक तरी देवाला लागू पडेल.

तुझा,
सेतुमामा

*

ओमाहा, १९ नोव्हेंबर २०२४

मामा,

वेस्ली येत नाहीये.

करारपत्र पाठवलं तर त्याने सही केली नाही. फोन केला तर तो गोंधळून गेला. म्हणाला, "मी येतो असं कधी म्हणालो?" आणि खरंच, तो म्हणालाच नव्हता. त्यांना वाटलं मी भेट घेऊन आले होते. इथे कुणाच्या घरी जाताना केक नेतात ना, तसं! पानं त्यांनी फुलदाणीत ठेवली होती. आईने दोन्ही हातांनी घेतलं, कारण ताट जड होतं.

मी इथे चार वर्षं राहतेय. मला हे कळायला हवं होतं. पण मामा, त्या माउलीने वाकून ताट घेतलं आणि माझ्या डोक्यातला शंकेचा दिवाच विझला. लहानपणापासून पाहिलंय, तांबूल घेतलं की बोलणं संपतं. मी विचारलंच नाही. संख्याशास्त्र शिकलेली मुलगी आणि "तू येतोस ना" एवढा एक प्रश्न विचारायचा राहिला.

आता कॅनडाच्या एका संघानेही त्याला विचारलंय. पण तिकडेही जायची त्याची फारशी इच्छा दिसत नाही. तो म्हणाला, "मागच्या वेळी मी विमानतळाकडे निघालो होतो, तेव्हा वाटेतच फोन आला, परत फिर म्हणून. मी जाणार म्हणून आईने मोठा स्वयंपाक केला होता. तिला पुन्हा तसं बघायचं नाहीये मला."

ग्रेडी साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं. त्यांनी फक्त विचारलं, "सही कुठे आहे?" मी काय सांगणार? नारळ दिला होता म्हणून? दुसऱ्या ज्या माणसाशी बोलणी थांबवली होती, तो दुसऱ्या संघात गेला. डिसेंबरच्या मध्यापर्यंत नावं द्यायची आहेत. तोवर माझा माणूस नाही मिळाला तर हंगाम संपला की मी घरी.

तुमच्यावर रागावले होते दोन दिवस. आता नाही. अर्चना वाया गेली हे मामींना सांगू नका, त्यांना वाईट वाटेल.

सुप्रभा

*

तंजावूर, २८ नोव्हेंबर २०२४

चिरंजीव सुप्रभास,

पत्र पोचलं. तुझ्या मामीला सांगितलं नाही, तरी तिने पाकिटाकडे बघून सगळं ओळखलं. म्हणाली, "अय्यो, पोरीनें जेवण सोडिलें असेल. तिला सांगा, आधी जेव, मग रड."

पाऊस लागून राहिलाय. वेण्णार नदीला पाणी चढलंय, वाळवण अंगणातून आत आणलं. ताकाचा मोरकुळंबू मात्र अशा हवेत फक्कड होतो, ते तुला इथे बसून सांगणं हा छळ आहे, पण सांगतो.

तू चुकलीस, यात वाद नाही. मीही चुकलो, कारण मी तुला तांबूल कसं द्यायचं ते सांगितलं, घेणाऱ्याला त्याचा अर्थ कळायला हवा हे सांगितलं नाही. आपल्याकडे ते सांगावं लागत नाही, म्हणून कधी डोक्यातच आलं नाही. पण चूक झाली म्हणून तू ज्याला बघितलंस तो माणूस खोटा ठरत नाही. भोपळा अजून अलगदच पोचतो ना?

नोकरीचं म्हणशील तर, ती नाही राहिली तर आपलं घर आहे. तुझ्या हक्काचं आहे. एवढंच म्हणतो, जास्त काही म्हणत नाही.

मृदंगाला नवी वादी बसवली. भरद्वाजच्या घशाला थोडं झालंय. बाकी सगळं ठीक.

सेतुमामा

*

ओमाहा, १४ डिसेंबर २०२४

मामा, तुम्ही किती लबाड आहात!

मोरकुळंबू, मृदंगाची वादी, भरद्वाजचा घसा! आणि कॅन्ससला फोन केला होतात, ते कुठे गेलं पत्रातून?

काल सकाळी कचेरीत आले तर दारात वेस्ली उभा, बरोबर लॉरेनबाई. मला पाहिल्याबरोबर त्या म्हणाल्या, "तुझ्या मामांनी आमची झोप उडवली." मग त्यांनी सगळं सांगितलं. फोटोतल्या पाटीवर नंबर होता, तो तुम्ही भिंग लावून वाचलात म्हणे. पहिल्या वेळी तुमचं "हॅलो मॅडम, आय ॲम कॉलिंग फ्रॉम इंडिया" ऐकून त्यांनी फोन ठेवला. कारण असे फोन त्यांना रोज येतात, तुमचा कॉम्प्युटर बिघडलाय म्हणून पैसे मागणारे. दुसऱ्यांदा तुम्ही आधीच म्हणालात, "मॅडम, युअर कॉम्प्युटर इज परफेक्टली ऑल राइट," आणि त्यांनी आणखी घाईने ठेवला. तिसऱ्यांदा मामींनी फोन हिसकावून घेतला आणि नुसतंच म्हणाल्या, "कोकोनट!" त्यावर लॉरेनबाई थांबल्या. मामा, मी हसून हसून टेबलाखाली गेले.

पण पुढचं ऐकून हसू थांबलं. त्या म्हणाल्या, तुम्ही त्यांना या म्हणून सांगायला फोन केलाच नव्हता. तुम्ही सांगितलंत की तांबूल घेणं म्हणजे आमच्याकडे शब्द देणं, पण अजाणता घेतलेलं तांबूल बांधत नाही. तुम्ही मोकळे आहात, मनावर ओझं ठेवू नका, नारळ चटणीला वापरा. मग तुम्ही विचारलंत, मुलगा परत आला त्या दिवशी तुम्ही त्याला काय खायला दिलं? आणि त्या फोनवरच रडल्या. इतक्या वर्षांत संघांचे फोन आले, कागद आले, पण त्या दिवशी घरात काय झालं हे कुणी विचारलं नव्हतं.

शेवटी तुम्ही माझ्याबद्दल बोललात म्हणे. "माझी भाची तुमच्या मुलाला खेळायला मिळेल असं खोटं सांगणार नाही. पण तो नुसता उभा होता तेव्हाही तिने त्याला बघितलं, एवढं मी खात्रीने सांगतो." हे वेस्लीला त्याच्या आईने सांगितलं.

तो मला म्हणाला, "मला एकच विचारायचंय. मी खेळेन का?" मी म्हटलं, "ठाऊक नाही. तुझ्यापुढे दोघे आहेत. कदाचित पुन्हा बाकावर उभा राहशील." तो हसला. म्हणाला, "हे पहिल्यांदाच कुणी आधी सांगितलं." आणि सही केली. या वेळी मी सहीवर बोट ठेवून नीट बघितलं.

नाव पोचलं. माझा श्वास परत आला.

तुमच्या पाया पडते. हे पत्र मठात वाचायचं नाही. बरं, वाचा.

सुप्रभा

*

तंजावूर, १४ एप्रिल २०२५

चिरंजीव सुप्रभा, तमिळ नववर्षाचे आशीर्वाद. गूळ घातलेली आंब्याची पच्चडी खाऊन लिहायला बसलोय.

तू फोनवर एवढंच म्हणालीस, "पहिल्याचा घोटा गेला, दुसऱ्याचा जीव थाऱ्यावर नाही, उद्या वेस्ली उतरेल कदाचित." तुझा कदाचित आमच्याकडे पहाटे सहाला उगवला. भरद्वाजने त्याचा कॉम्प्युटर आमच्या टीव्हीला जोडला. मठातली सगळी मंडळी ओसरीवर. तुझी मामी दारात तांदळाच्या पिठाचं कोलम काढत होती, ती पिठाची वाटी हातात घेऊनच आत आली.

तुमचा खेळ मला कळत नाही हे आधी कबूल करतो. माणसं पडतात, शिट्ट्या वाजतात, पुन्हा तिथेच उभी राहतात. आमच्या पापनाशमच्या फलाटावर पॅसेंजर आली की असंच दिसायचं. दुसरा मुलगा दोनदा चेंडू शत्रूच्या हातात देऊन आला. मग ते पडेल खांदे मैदानात उतरताना दिसले आणि आमच्या ओसरीवर अशी शांतता झाली की मामीच्या हातातली वाटी कलंडलेली ऐकू आली.

पहिल्याच डावाला तीन माणसांनी त्याला आपटला. मामी किंचाळली, "अगो, त्याची आई बघत असेल!" तो उठला. पाठ झटकली. पुढच्या डावाला उभा राहिला, समोर बघितलं, आणि मग बोट दाखवून आपल्या माणसांना ओरडून काहीतरी सांगितलं. दोघे डावीकडे सरकले, एक मागे आला. समोरचे धावून आले ते नेमके त्याने दाखवलं तिथूनच! आणि तिथे आपलं माणूस आधीच उभं. चेंडू गेला, लांब, सरळ, आणि त्या पोराच्या छातीशी अलगद पोचला. भरद्वाज ओरडला, "भेष! भेष!" मी तर टाळ वाजवायला लागलो. समोरच्या घरातले रामस्वामी लुंगी सावरत धावत आले, त्यांना वाटलं घरात कुणाचं काही झालं. त्यांनाही बसवून घेतलं.

शेवटपर्यंत आम्ही कुणी उठलो नाही. जिंकलात! नियम कळो न कळो, तेवढं कळलं. त्याने शिरस्त्राण काढलं आणि रडता रडता हसला, तेव्हा तुझी मामी टीव्हीवरून दृष्ट काढत होती. काश्यप गोत्र, रोहिणी नक्षत्र. गुरुक्कळांना सांगायला ती तशीच पिठाच्या हातांनी गेली.

पोरी, आज फार आनंद झालाय. फार.

सेतुमामा

*

ओमाहा, १० जून २०२५

मामा, मामी, दोघांनाही एकच नमस्कार, कारण आज मला एकेकाला वेगळा करायला वेळ नाही.

वेस्ली चालला. मोठ्या लीगच्या एका संघाने काल त्याला बोलावलं. उरलेले सगळे सामने तो खेळला, तुम्ही पाहिलेतच. हंगाम संपला, करार संपला, तो मोकळा. त्याने आधी आईला फोन केला, मग मला. म्हणाला, "जाऊ का?" मी म्हटलं, "वेड्या, विचारतोस काय?" फोन ठेवल्यावर मी रडले. मग ग्रेडी साहेबांच्या खोलीत गेले, म्हटलं, माझा माणूस गेला, आता आपल्याकडे पुन्हा कुणी नाही.

त्यांना मी पहिल्यांदाच मोकळेपणाने हसताना पाहिलं. म्हणाले, "आपली लीग यासाठीच आहे. आपल्याकडून जो वर जातो तीच आपली जाहिरात. पुढच्या वेळी तरुण मुलं दुसरीकडे न जाता आपल्याकडे का येतील? वेस्ली इथून गेला म्हणून." आणि मग म्हणाले की आता तात्पुरती नोकरी नाही, कायमची. क्वार्टरबॅकचा पूर्ण शोध माझ्याकडे.

मामा, ज्याला शोधला तो गेला, म्हणून मी राहिले! डिसेंबरात मार्गळी लागली की पंधरा दिवस रजा घेऊन येईन. त्याआधी जमणार नाही, कारण ऑगस्टच्या शेवटी इथे पुन्हा लगीनघाई.

तुम्हाला आनंद झाला ना?

सुप्रभा

*

तंजावूर, १८ जून २०२५

सुप्रभा राजा,

मज ती मराठी अक्षरं येत न्हाईत, म्हणून आपली भाषा तमिळ अक्षरांत लिहितें. तूज वाचतां येईल. तुझे मामा भजनास गेलेत. त्यांनीं तुज पत्र लिहून मेजावर ठेविलें आहे. त्यांत सगळा आनंदच आहे, आणि तो खरा आहे. मठांत त्यांनीं स्वतःच्या हातानें हरभऱ्याचें सुंडल वाटिलें.

पण एक गोष्ट ते लिहिणार न्हाईत, म्हणून मी लिहितें.

तू हंगामापुरतीच नोकरी म्हणून लिहिलीस ना, तेव्हांच त्यांनीं माडीवरची खोली तुझ्यासाठीं रंगवून घेतली. नवा पंखा लाविला. इथल्या कॉलेजांत आकडे शिकवायला माणूस पाहिजे होतें. तिथल्या प्रिन्सिपलला दोनदां जाऊन भेटले. ते म्हणाले, मुलगी आली तर जूनांत मुलाखत घेऊं. मामा घरीं येऊन केवढे खूष! "अलमेलू, पोरगी परत येतेय" म्हणून मज दहादां सांगिटलें.

मग तुझें तें रडकें पत्र आलें. तो मुलगा येत न्हाई म्हणून. मामा नुसतें गप्प बसले असते तर तू या जूनांत इथें आली असतीस. मी स्वयंपाकघरांतून बघत होतें. पत्र वाचिलें, घडी केली, आणि भिंग शोधायला लागले. मी विचारिलें, काय करितां? म्हणाले, "त्या फोटोंतला नंबर वाचायचा आहे."

फोन झाल्यावर बराच वेळ ओसरीवर बसले. मग मज म्हणाले, "अलमेलू, पोरगी आतां येत न्हाई बघ." आणि हसले. खरंच हसले, राजा. मग कॉफी मागिटली आणि त्यांत साखर कमी आहे म्हणून माझ्याशीं भांडले.

मार्गळींत ये. खोलीचा रंग हिरवा आहे, फार भडक, पोपटासारखा. त्यांनीं स्वतः निवडिलेला आहे. तू आवडला म्हण.

मामी